जज्ज कोंबडा आणि वरचं बटण

इलोइलोजवळ,
रविवार दुपार, २२ फेब्रुवारी २००९

प्रिय मनांग कोर्डिंग,

तुझ्या हाताला कपाळ लावलं असं समज. (ही रीत आईबापांसाठी, थोरल्या बहिणीसाठी नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण आईमागून बाबाही गेल्यापासून आपल्या घरात थोरलं म्हणून तूच उरलीस आणि तीही मिलानमध्ये. तेव्हा हवेतच कपाळ टेकवतो.) तुझा गुडघा कसा आहे? तू ज्या म्हाताऱ्या बाईंची सेवा करतेस त्यांचा खोकला कमी झाला का, आणि अजूनही त्या तुला मागच्या बाईच्या नावानेच हाक मारतात का? आम्ही सगळे बरे आहोत. माझं ब्लडप्रेशर वर असतं, पण डॉक्टर म्हणतात की ते स्वभावामुळे आहे आणि स्वभावावर त्यांच्याकडे गोळी नाही. एस्पिंग ठीक आहे. लेक जोव ठीक आहे, आता. हा ‘आता’ मी मुद्दाम लिहिला. त्याचीच ही सगळी हकीकत आहे.

इतक्या वर्षांनी हाताने पत्र का, असं तुला वाटेल. घरचा नेट बंद आहे असं लिहिणार होतो, पण तो चालू आहे. शेजारचं व्हिडिओकेवरचं गाणं चालू आहे त्यापेक्षाही जोरात चालू आहे. मी त्याच्यापासून जरा दूर बसलोय इतकंच. थकलोय, मनांग. कॉलेजच्या लायब्ररीतल्या कामाने माणूस असा थकत नाही. पुस्तकं कुणी नेत नाही, त्यामुळे परतही आणत नाही. मला थकवलं ते सालोसालोने.

सालोसालो तुला माहीत आहेच, तूही तिथे असतेस. तरी मी पहिल्यापासून सांगतो, कारण मधून सांगितलं की मला खोटं बोलल्यासारखं वाटतं. मनिलाच्या तिघा तरुण इंजिनिअरांनी ही साइट काढली. नावच पंगतीचं. कल्पनाही पंगतीची: प्रत्येकाने आपल्या घरून एक पदार्थ आणायचा, म्हणजे नेटवर कुठे काही चांगलं वाचलं तर त्याची लिंक इथे आणून वाढायची. बाकीच्यांनी चव घ्यायची. आवडलं तर वरचं बटण दाबायचं, नाही आवडलं तर खालचं. ज्याला जास्त ‘वर’ ते पहिल्या पानावर. मला हे फार आवडलं. मला वाटलं, अखेर आपल्या लोकांनी मिळून, कुणा मोठ्या माणसाला न विचारता, आपल्या देशात वाचण्यासारखं काय आहे ते ठरवायचं! त्या रात्री मी डायरीत दोन पानं लिहिली. (आज काढून वाचली. वाचवत नाहीत.)

एक गोष्ट त्या तिघा तरुणांच्या ध्यानात आली नव्हती. कदाचित ते शिकायला परदेशात होते म्हणून असेल. आपल्यात खालचं बटण कुणी दाबत नाही. कसं दाबणार? तू माझ्याकडे जेवायला आलीस, घरून भात आणि वाळके मासे घेऊन आलीस, आणि मी सगळ्यांदेखत ते ताट उचलून दाराबाहेर ठेवलं, तर तू परत येशील का? त्यामुळे सालोसालोवरचं खालचं बटण अगदी कोरं करकरीत राहिलं, पाहुण्यांसाठी काचेच्या कपाटात ठेवलेल्या बशांसारखं. आणि वरचं बटण कुणी वाचून दाबत नसे. कोण विचारतंय, ते पाहून दाबत असत. लायब्ररीतली माझी सहकारी मला रोज सकाळी म्हणायची, “सर, माझ्या चुलतभावाने काहीतरी टाकलंय हो, दाबा ना एकदा.” मी विचारायचो, काय टाकलंय? ती म्हणायची, “ते मला काय माहीत? चुलतभाऊ माझा आहे, लिंक त्याची आहे.”

मी मात्र वाचायचो. माझा स्वभाव तुला माहीत आहे. वाचल्याशिवाय वरही नाही आणि खालीही नाही. पेरूच्या पानांनी मधुमेह बरा होतो अशी एक लिंक आली, तर मी तीन दिवस शोधून खाली लिहिलं की याला आधार सापडत नाही. एकाने वादळाचा जुना फोटो आजचा म्हणून टाकला, तर मी तो कोणत्या वर्षीचा ते लिहिलं. लोक वैतागले. मनिलाचे तिघे मात्र खूश झाले आणि त्यांनी मला राखणदार केलं. पगार नाही. नावापुढे पळीचं छोटं चित्र येतं, म्हणजे हा वाढपी. राखणदाराला कोणी कधी कोणतं बटण दाबलं ते दिसतं आणि गडबड वाटली तर लिंक पहिल्या पानावरून खाली उतरवता येते. एस्पिंग म्हणाली, “फुकटची पोलिसगिरी. घरातला नळ गळतोय, त्याला कोण राखणदार?” नळ अजून गळतोय.

आता कोंबड्याकडे येतो.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ‘लालपंखी’ नावाच्या कुणीतरी स्वतःच्या कोंबड्यांवर लिहिलेल्या पानांच्या लिंक टाकायला सुरुवात केली. (तिथे सगळे टोपणनावानेच असतात. मी सोडून, आणि मनांग, तू सोडून.) कोंबड्याची अंघोळ. कोंबड्याचा आहार. कोंबड्याने आज बांग उशिरा दिली, त्याची कारणं. यात गैर काही नाही; आपल्यातल्या पुरुषांचं अर्धं आयुष्य कोंबडा मांडीवर घेऊनच जातं. पण ही प्रत्येक लिंक काही तासांत पहिल्या पानावर, पहिल्या जागी! देशात संप चाललेत, धरणं फुटतायत, सिनेटमध्ये एकमेकांची उणीदुणी निघतायत, आणि पहिल्या पानावर सगळ्यात वर एक ओला कोंबडा उन्हात उभा.

मनिलाहून निरोप आला, काहीतरी भानगड दिसते, बघा. मी बघायला बसलो. शुक्रवारी ‘वर’ यायचे ते रियाधमधून, कारण तिथे सुट्टी. रविवारी सकाळी हाँगकाँगहून, संध्याकाळी मिलानहून, चर्चमधली प्रार्थना झाल्यावर. आणि मध्येच एखाद्या दिवशी एकाच वेळी डझनभर. त्याचा उलगडा मला बरेच दिवस होईना. मग एकदा लक्षात आलं की कुठलंसं जहाज बंदराला लागलं असणार आणि खलाशी नेटच्या दुकानात शिरले असणार. म्हणजे यंत्र नव्हतं, लबाडीही नव्हती. एक कुटुंब होतं. जगभर विखुरलेलं, पण सुट्टीच्या दिवशी न चुकता आपल्या माणसाच्या कोंबड्याला वर ढकलणारं. (आणि मिलानच्या त्या नावांत, मनांग, तुझं नाव होतं. धडधडीत, पूर्ण. मी डायरीत लिहिलं, ‘आज कोर्डिंग दिसली.’ पुढे काही सुचलं नाही.)

मी खूप विचार केला. त्या प्रत्येक बटणामागे खरा माणूस आहे, मग यात फसवणूक कुठे? पण साठ जणांनी न वाचता दाबलं तर ती साठ मतं की एकच मत साठ वेळा? की वाचल्याशिवाय प्रेम करू नये असं म्हणणारा मीच मूर्ख? एस्पिंगला विचारलं. ती म्हणाली, “तुम्ही माझ्याशी लग्न करताना काय वाचलं होतंत?” मी म्हटलं, हा मुद्दा नाही.

शेवटी मी ठरवलं. लालपंखीच्या सगळ्या लिंक पहिल्या पानावरून उतरवल्या आणि सगळ्यांना दिसेल अशी सूचना लावली: ‘या लिंक गुणावर नव्हे, नात्यावर वर आल्या आहेत. नात्याने वर आलेल्यांनी खाली उतरावं.’ राखणदाराने सूचनेखाली नाव लिहायचं नसतं, पळी पुरे. पण बिननावाने कुणाला दोष देणं मला भ्याडपणाचं वाटलं. म्हणून मी खाली लिहिलं, लिओन्सियो (तोतो नव्हे), आडनाव, गाव, आणि कॉलेजचा पत्ता. कुणाला समोरासमोर बोलायचं असेल तर यावं म्हणून.

हे सगळं मी जेवताना घरी वाचून दाखवलं. मला वाटलं होतं, जोवला तरी बापाचा अभिमान वाटेल. जोवच्या हातातला चमचा ताटात पडला.

“तातय, लालपंखी कोण आहे माहितीय तुम्हाला?”

मी म्हटलं, नाही, आणि माहीत नसणंच योग्य आहे, न्याय करताना...

“डेक्स्टरचे बाबा आहेत ते!”

डेक्स्टर म्हणजे जोवचा नवरा मुलगा. त्याचं कुटुंब गिमारास बेटावरचं. वडील पोलिकार्पो, जन्मभर जहाजावर भटारी होते, आता घरी बसून कोंबडे पाळतात आणि लिहितात. मी त्यांना भेटलो नव्हतो. भेटणार होतो पुढच्याच रविवारी, कारण त्या दिवशी ते सगळं गोत घेऊन होडीने आमच्याकडे मागणी घालायला यायचे होते. मुलीच्या बापाला त्या दिवशी जीभ सांभाळावी लागते. मी तर ती आधीच, जगासमोर, पत्त्यासकट बाहेर काढून ठेवली होती.

“तुला माहीत होतं?” मी एस्पिंगला विचारलं.

“मी रोज दाबते,” एस्पिंग शांतपणे म्हणाली. “होणाऱ्या व्याह्याने सांगितलं, नाही कसं म्हणायचं?”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही पाटी अजून मोठी केली असती. निःपक्षपातीपणा दाखवायला.”

हे खरं होतं, म्हणून मी भात खात राहिलो.

पुढचे दिवस मी विसरू शकत नाही, मनांग. जोव माझ्याशी बोलेना. डेक्स्टरचा तिला फोन येईना. तो काही म्हणाला असता तर बरं झालं असतं, पण ही माणसं रागावली की अधिकच नम्र होतात. त्याने फक्त एक निरोप पाठवला: बाबांची तब्येत बरी नाही, रविवारचं बघू. ‘बघू’ म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. ‘बघू’ म्हणून मोडलेल्या लग्नांची गणती कुणी केली नसेल. एकदा जोव माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “तातय, एकच बटण आहे. मागे घ्यायचं.” मी तिला म्हटलं, बाळ, ते मागे घेतलं तर मीही नात्यासाठी दाबल्यासारखं होईल. ती जायला वळली. मग म्हणाली, “मी तुमची मुलगी आहे की लिंक?” आणि गेली. मी कॉम्प्युटरसमोर जाऊन बसलो. बटणावर बाण नेला. पुन्हा बाजूला नेला. असं किती वेळा केलं ते डायरीतही नाही. मागे घेतलं नाही. याबद्दल मला अभिमान आहे की पश्चात्ताप, ते आजही ठरवता येत नाही. कधी हे, कधी ते, आणि बहुतेक वेळा नुसती मान दुखते.

रविवारी ते आले. सकाळी धक्क्यावर होडी लागली, तीत वीस-बावीस माणसं आणि केळीच्या पानांत गुंडाळलेलं अख्खं भाजलेलं डुक्कर. सोबत चिकट भाताचे लांबट मोदक म्हणावेत तसे इबोस, आणि मोसम नसताना कुठूनतरी मिळवलेले आंबे. घरात जागा पुरेना. पोलिकार्पो सगळ्यात शेवटी आले. ठेंगणे, रुंद, इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात चष्मा. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, घर छान आहे म्हणाले, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले ते गप्पच. बाकीची माणसं समुद्राबद्दल बोलली, होडीच्या इंजिनाबद्दल बोलली, रस्त्याबद्दल बोलली. कोंबड्याचा विषय कुणी काढेना. एवढ्या माणसांनी एकाच गोष्टीबद्दल न बोलणं काय असतं ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. समोरच्या अंगणातून शेजाऱ्याचा कोंबडा आरवला तेव्हा तर सगळ्यांनी एकाच वेळी पाणी प्यायलं.

आता तुला रीत माहीतच आहे. मागणी सरळ घालायची नसते. मुलाकडचा एक बोलका म्हातारा उभा राहतो आणि आडवळणाने बोलतो, फुलाबद्दल, विहिरीबद्दल. मुलीकडच्या म्हाताऱ्याने तसंच आडवळणाने उत्तर द्यायचं. आपल्याकडून काका, म्हणजे तियो इन्सियोंग, बोलणार होते. पण आदल्या दिवशी एका वाढदिवसाला त्यांनी दुपारपासून व्हिडिओके गायला आणि त्यांचा आवाज पार गेला. ते माझ्याशेजारी बसून नुसते हात हलवत होते. तेव्हा उत्तरं मलाच द्यावी लागली. मला आडवळण येत नाही, मनांग. तू लहानपणापासून बघतेस.

त्यांचे तियो मेंग उठले. “समुद्रापलीकडून आम्ही ऐकलं,” ते म्हणाले, “की तुमच्या अंगणात एक फुलझाड आहे.”

मी म्हटलं, “अंगण नाही आमचं. मागे सिमेंट केलंय.”

एस्पिंगने माझ्या मांडीला चिमटा काढला.

तियो मेंग मुरलेले होते. “सिमेंटातूनही फूल उगवतं,” म्हणाले. “आमच्याकडे एक कोंबडा आहे. तरणा, गुणी. कुंपणावरून उडी मारून येणाऱ्यांतला नव्हे, दारातून येईल. पण तुमच्या दारावर म्हणे एक पाटी आहे. नात्याने वर आलेल्यांनी खाली उतरावं, अशी.” मग पुढे म्हणाले, “आम्ही तर नातं जोडायला आलोय. मग आम्ही वर यायचं, की इथूनच खाली उतरायचं?”

 कुणाच्यातरी दातांखाली डुकराची कुरकुरीत कातडी मोडली. जोव स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. डेक्स्टर आपल्या बुटांकडे बघत होता. तियो इन्सियोंग दोन्ही हात जोरजोरात खाली दाबून मला सांगत होते, गोड बोल, गोड बोल.

मी म्हटलं, “पाटी मी लिहिली. आणि ती खरी आहे.”

एस्पिंगने डोळे मिटले. एक बाई शेजारणीला कुजबुजली, “होडीवाल्याला थांबायला सांगितलंय ना?”

“पण,” मी म्हटलं, कारण अर्धवट बोलून थांबणं मला जमत नाही, “पाटीत एक उणं राहिलं. त्यात असं लिहायला हवं होतं की लिंक चांगल्या आहेत. आहार आणि अंघोळ सोडा, ते कुणीही लिहील. पण जज्जवरचे अकरा भाग मी दोनदा वाचलेत. तसं मी आपल्याकडे दुसरं वाचलं नाही.”

पोलिकार्पोंनी खुर्चीत पहिल्यांदा मान वळवली. “कुठला जज्ज?”

“तुमचा कोंबडा. जो झुंजत नाही.”

मग त्यांनी माझ्याकडे नाही, आपल्या माणसांकडे पाहिलं. “सांगा रे,” ते म्हणाले, “तिसऱ्या झुंजीत जज्जने काय केलं?” सगळे डुकराकडे बघू लागले. “सांगा ना. तुम्ही सगळ्यांनी वर दाबलंय.”

एका पुतण्याने धीर केला. “जिंकला, काका?”

“गाढवा.”

“मेला?” मागून कुणीतरी.

“मेला असता तर पुढचे आठ भाग कुणाचे, तुझ्या सासऱ्याचे?”

मग मीच सांगितलं. जज्ज रिंगणात उतरला, समोरच्या कोंबड्याभोवती हळूहळू एक फेरी मारली, त्याला पुढून बघितलं, मागून बघितलं, सगळा गाव आरडाओरडा करत असताना शांतपणे परत फिरला आणि मालकाच्या पायाशी येऊन बसला. पळपुटा कोंबडा जिंकणाऱ्याच्या रश्श्यात जातो असा नियम. म्हणून पोलिकार्पोंनी त्याला शर्टात कोंबलं आणि ते धक्क्यापर्यंत पळत सुटले, आणि होडीत बसल्यावर त्यांना कळलं की आपण हसतोय, चाळीस वर्षं जहाजावर हसलो नव्हतो तसं. “फक्त एक शंका आहे,” मी म्हटलं. “पाचव्या भागात तुम्ही लिहिलंय की तो डाव्या पायाशी बसला. नवव्या भागात उजव्या. कोणता?”

एस्पिंग हळूच म्हणाली, “देवा, याला उचल.”

पोलिकार्पोंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा खिशात ठेवला. “उजवा,” ते म्हणाले. “पाचव्यात चूक झाली.” मग त्यांचा आवाज एकदम चढला. “साठ माणसं! रियाध, मिलान, हाँगकाँग, सात समुद्र! आणि वाचणारा हा एकटा, तोही पाटी लावणारा!” डोळे पुसून ते तियो मेंगना म्हणाले, “बसा हो तुम्ही. फुलं पुरेत. तारीख ठरवा.”

तारीख ठरली. मे महिन्यातली, दुसरा शनिवार. जोवने स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. आनंद झाला की ती तेच करते. डेक्स्टर बुटांकडून वर बघायला लागला. जाताना ते सगळे माझ्याशी नम्र नव्हते, मोठमोठ्याने बोलत होते, माझ्या पाठीवर थापा मारत होते, आणि तो पुतण्या मला “जज्जसाहेब” म्हणत होता. एस्पिंगला ते नाव फार आवडलंय.

तुला वाटेल, मग थकलास कशाने? ऐक. आता मी व्याही झालो, म्हणजे लालपंखीबद्दल निःपक्षपाती निर्णय देणं मला शक्य नाही. म्हणून मी राखणदारीचा राजीनामा दिला. माझ्या जागी जो नवा आला त्याने दुसऱ्याच दिवशी सगळ्या लिंक परत वर सोडल्या, कारण त्याची आत्या गिमारासची आहे. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे मला लहानपणीच कळायला हवं होतं. आणि आमचे व्याही आता काहीही लिहिलं की आधी मला पाठवतात. रोज. अंघोळीचे भागसुद्धा. ‘स्पष्ट सांगा, नात्याचा विचार करू नका,’ असं वर लिहिलेलं असतं. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं म्हणतात. आमच्याकडे रोज एक कोंबडा येतो. परवा मी एका भागाबद्दल स्पष्ट सांगितलं. तर त्या रात्री डेक्स्टरचा जोवला निरोप, बाबांची तब्येत बरी नाही. मी पहाटे उठून पुन्हा वाचलं आणि खरोखरच त्यात काही चांगलं सापडलं. आता ते चांगलं होतं म्हणून सापडलं, की मे महिना जवळ आला म्हणून, हे मी डायरीत तीन पानं लिहूनही ठरवू शकलेलो नाही.

शेजाऱ्यांचं गाणं थांबलंय, तेव्हा मीही थांबतो. गुडघ्याला गरम कापड लाव. म्हाताऱ्या बाईंना आमचा नमस्कार सांग, मागच्या बाईच्या नावाने सांगितलास तरी चालेल.

तुझा भाऊ,
तोतो

ता. क. लग्नात मुलीची थोरली आत्या म्हणून तुझी जागा पोलिकार्पोंच्या शेजारी असेल. ते तुला विचारणार. मी त्यांना काही सांगितलेलं नाही, पण मिलानची नावं त्यांना त्यांची तिथली पुतणी कळवत असते. तुमच्या चर्चच्या गाणाऱ्यांतलीच ती. तेव्हा अकरा भाग वाच. वेळ नसेल तर निदान तिसरा आणि नववा. पाय उजवा.

ता. क. २. वर ‘तुझी जागा असेल’ असं सहज लिहिलं, ते सहज नव्हतं. सगळं पत्र याच्यासाठी होतं, कोंबडा मध्ये आला. मनांग, ये. मला नेटवर विचारता आलं असतं, पण तिथे काय होतं ते मी बघितलंय. आपले बाबा गेल्यावरच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा फोटो जोवने टाकला, तू वर दाबलंस. मी दवाखान्यात नळी लावून पडलो होतो तो फोटो, वर. जोवच्या लग्नाची बातमी टाकून मिनिट झालं नसेल, वर. मी रागावलेलो नाही. तू कामातून चोरून वेळ काढतेस, बोटाने का होईना पण पोचतेस, हे मला कळतं. पण पंगतीला बोट चालत नाही. जोव म्हणते, आत्या नसेल तर चर्चमध्ये माझ्या ओढणीला टाचणी कोण लावणार. मी तिला म्हटलं, येईल. मी अजून खात्री करून घेतलेली नाही आणि तरीही म्हटलं. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालंय. मला खोटं पाडू नकोस.

ता. क. ३. पोस्टात टाकायला निघालो होतो, तर जोवने हातातून घेऊन याचा फोटो काढला आणि सालोसालोवर टाकला: ‘तातयने आत्याला पत्र लिहिलं.’ फोटो बंद पाकिटाचा आहे. माझे बूट घालून होईपर्यंत तू वर दाबलं होतंस. (पाकीट पुन्हा फोडून हे लिहितोय, म्हणून कडेला चिकटपट्टी आहे. तू आधीच दाबून झालीस, तेव्हा आता फक्त उघड.)